छावणी, मु. पो. वेस्ट कोस्ट

आमच्या माणदेशात कॅम्पला छावणी म्हणतात आणि तिथं जनावरं राहतात. दुष्काळ पडला की सरकार छावणी उघडतं, गुरं दावणीला लागतात, चारा मोजून पडतो, पाणी टँकरनं येतं आणि गुरांचा मालक शेजारी बाजेवर पडून आभाळाकडं बघत राहतो. त्यामुळं ऑकलंडच्या लेकीनं फोनवर "बाबा, तुम्ही आणि आई साउथ आयलंडला कॅम्पिंग करा, मस्त वाटेल," असं सुचवलं तेव्हा मी आधी एवढंच विचारलं, की आम्हाला दावणीला बांधणार कोण?

"मी बांधते," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

ही आंबोलीची. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हिच्या माहेरी जूनमध्ये वाळत घातलेला टॉवेल गणपतीत काढतात. मी दहिवडीचा. आमच्याकडं साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तर लोक एकमेकांना पेढे देतात. दोन्ही गावांत अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर, पण मध्ये सह्याद्री आडवा. त्यात मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली, म्हणजे जे पाणी नव्हतं त्याचा चोख हिशेब ठेवला. पावसाला नावं ठेवायची नाहीत, हा आमच्या घरचा दंडक. लग्नाच्या मांडवात पाऊस आला, आचारी पळाला, तरी आजोबा हात जोडून उभे होते. हिच्या घरी मात्र पावसाला रोज सकाळी उठून शिव्या घालायच्या, जावयाला घालतात तशा, मायेनं. "इलो मेलो," एवढं म्हणून मग चूल पेटवायची.

तर अशी ही दोन माणसं दिवाळी झाल्यावर चौदा रात्रींसाठी क्राइस्टचर्चहून एक छोटी व्हॅन घेऊन निघाली. व्हॅनची रचना अशी, की मागची सीट पाडली की पलंग, पलंगाखाली भांडीकुंडी, आणि मागचं दार वर उचललं की त्याच्या आडोशाला शेगडी. गाडी डावीकडून चालवायची आणि आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं, त्यामुळं परदेश म्हणावा असा काही जाच नव्हता.

जाच झाला तो विमानतळावर. न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याची एकूण एक वस्तू लिहून द्यावी लागते. पिशवीत विसरलेलं सफरचंद सापडलं तरी जागच्या जागी चारशे डॉलरची पावती फाडतात. हिनं कुळथाच्या पिठापासून सगळं इमानदारीत लिहिलं होतं. अधिकारीण बाईंनी चिवड्याचा डबा उघडून हे काय म्हणून विचारलं. हिनं पातळ पोह्यांपासून सुरुवात केली. फोडणीपर्यंत पोचायच्या आत बाईंनी झाकण लावून डबा परत दिला. हा डबा लक्षात ठेवावा. स्टीलचा, उभ्या भिंतींचा, पंधरा सेंटिमीटर उंच. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

पहिले दहा दिवस आटोपतं घेतो, कारण ते छान गेले आणि छान गेलेल्या दिवसांत सांगण्यासारखं काही नसतं. सेंट्रल ओटागोमध्ये अलेक्झांड्रा नावाचं गाव लागलं. तिथं वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे दहिवडीपेक्षाही कमी. उघडे तपकिरी डोंगर, खडक, रानात जांभळं थाइम फुललेलं. मला भरून आलं. "इथं एक टँकर उभा केला की आपलंच गाव," मी म्हणालो. टँकर काही दिसला नाही. जर्दाळूच्या बागा दिसल्या. मिलफर्ड साउंडला मात्र हिचा हिरमोड झाला. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटर पडतो म्हणून मी हिला उत्साहानं नेलं, तर लख्ख ऊन. "आंबोलीपेक्षा कमीच," ही आकडा ऐकून म्हणाली, "आणि तोही दांडी मारतो."

पुढचे चार दिवस त्या वाक्याची भरपाई चालली होती.

अकराव्या दिवशी वानाका सोडलं. निघण्यापूर्वी हिनं दुकानात जाऊन ब्रेड, बटाटे, कांदे, मीठ, मेणबत्त्या आणि काडेपेट्या घेतल्या, काडेपेट्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळल्या. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "आगोट. वास येतोय." मला पेट्रोलचा वास येत होता.

हास्टची खिंड आंबोलीपेक्षा बुटकी, साडेपाचशे मीटरांच्या थोडी वर. पण ती ओलांडली की देश बदलतो. ह्या बाजूला मेंढ्या आणि गवत. त्या बाजूला एकदम झाडांना शेवाळाच्या दाढ्या, दगडाला नेचे, आणि प्रत्येक कड्यावरून एक तरी धबधबा. गणित आपल्या सह्याद्रीचंच आहे. पश्चिमेचा वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, डोंगराला थडकतो, वर चढताना गार होतो आणि सगळा माल त्याच बाजूला टाकून रिकाम्या हातानं पलीकडं उतरतो. फरक इतकाच, की आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आणि ह्यांचं आओराकी ३,७२४. म्हणजे भिंत दुपटीहून उंच, आणि वारा चार महिने नाही तर बारा महिने. जगात कुठंही जा, पाऊस बायकोच्या माहेराकडून येतो आणि माझ्याकडं पोचेपर्यंत संपलेला असतो.

पहिली सर खिंडीतच आली. काचेवर थेंब पडले तसा मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, आणि सवयीनं हात जोडले. आत येऊन बसलो तर ही माझ्याकडं बघत होती.

"झालं दर्शन? आता चार दिवस हेच आहे. हा रेंगाळणारा आहे. आवाज ऐका. हा सर नाही, झड आहे."

झडच होती. वायपर ज्या वेगावर होता त्याच वेगावर पुढचे शंभरेक किलोमीटर राहिला. वाटेत समुद्राकाठी नाइट्स पॉइंट नावाचं ठिकाण आहे. हास्टकडचा हा रस्ता १९६५ साली जोडला गेला, त्याची खूण म्हणून तिथं दगड उभा केलाय. मी समजलो, नाइट हा कुणी साहेब असणार. तर नाही, रस्त्याची आखणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या कुत्र्याचं ते नाव. आपल्याकडं महाबळेश्वरला एकेका पॉइंटला साहेबांची नावं आहेत, इथं कुत्र्याला मान मिळालाय, आणि तो त्यानं कमावलेला असणार. पावसात सर्व्हे करणं काय असतं ते मला ठाऊक आहे. समोर समुद्र होता असं पाटीवर लिहिलं होतं. आम्हाला पाटी दिसली.

मुक्काम पारिंगा तळ्याकाठी. सरकारी तळ म्हणजे गवताची पट्टी, एक खड्ड्याचा संडास आणि एक लोखंडी पेटी. पेटीशेजारी कोरी पाकिटं. आपण पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, पैसे घालायचे, पेटीत टाकायचं. माणूस नाही, पावती नाही, 'उद्या या' नाही. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे बघवत नाही. मी पाकीट टाकल्यावर पाच मिनिटं तिथंच उभा होतो.

तिथं उभं राहणं शहाणपणाचं नव्हतं, हे मग कळलं. वेस्ट कोस्टवर सँडफ्लाय नावाचं चिलट आहे. तिळाएवढं, काळं, आणि आवाज न करता चावणारं. डास निदान येण्याआधी गुणगुणतो, ह्याला तेवढीही रीत नाही. माओरी कथा अशी, की मिलफर्डची खाडी इतकी सुंदर झाली की माणसं तिथून हलायचीच नाहीत, म्हणून मृत्यूची देवता हिनेनुइतेपो हिनं ही चिलटं सोडली. मी ही गोष्ट हिला घोट्याला मलम लावता लावता सांगितली आणि जोडीला प्राणिशास्त्रही सांगितलं, की ह्यांच्यात फक्त माद्याच चावतात.

"मग नर काय करतात?"

"फुलांचा रस वगैरे पितात."

"म्हणजे तिथंही तसंच," ही म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला.

मागचं दार वर उचलून हिनं शेगडी पेटवली. दाराच्या कडेवरून पाण्याच्या धारा सलग गळत होत्या. मी त्यांना गळती म्हणालो. ही म्हणाली, पागोळ्या. आणि ते दार नव्हतं, ती पडवी होती. पडवीला बसून कसं काम करायचं हे हिला जन्मतः ठाऊक. पाठ आत, पाय आत, हात तेवढे बाहेर. मी मदतीला उभा राहिलो तर नेमका पागोळ्यांच्या रेषेत. पाच मिनिटांत डाव्या खांद्यापासून बुटापर्यंत माझा एक उभा अर्धा भाग ओला झाला आणि उरलेला कोरडा, म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा. हिला हे सांगायला गेलो, तर हिनं मला सोलाणं दिलं आणि आत बसून बटाटे सोलायला लावले.

जेवण झाल्यावर मला ती कल्पना सुचली. इतका पाऊस पडतोय आणि कुणी मोजत नाही, हे मला सोसवेना. मोजायला उभ्या भिंतीचं भांडं लागतं. फुलपात्र चालत नाही, ते वर पसरट असतं. व्हॅनमध्ये तसं भांडं एकच होतं. मी चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत ओतला, डबा पुसला आणि गवतात, झाडापासून लांब, सपाट जागा बघून ठेवून आलो. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असतेच. खात्यातून निवृत्त झालो तेव्हा चष्मा विसरलो पण ती आणली.

"मोठं पातेलं ठेवलं असतं तर जास्त पडला असता," ही अंथरुणातून म्हणाली.

"अगं, भांडं मोठं असलं तर पाणी जास्त जमेल, पण उंची तीच राहील. पावसाची उंची मोजतात, लिटर नाही."

"मग चिवड्याचाच डबा कशाला? माझा चिवडा कुठाय?"

मी दिवा घालवला.

रात्री कळलं, की पाऊस फक्त बाहेर नसतो. दोन माणसांचा श्वास बंद गाडीत रात्रभर काचेवर जमतो आणि पहाटे थेंब थेंब परत मिळतो. बाहेरून पाऊस, आतून दव. काच इंचभर उघडली तर चिलटं. न उघडली तर छतातून आपलाच श्वास कपाळावर. सकाळी साडेआठला मी रेनकोट चढवून बाहेर गेलो, डब्यात पट्टी उभी धरली. बासष्ट मिलिमीटर! आमच्याकडं एवढ्यात पेरणी होते. मी वहीत नोंद केली, तारीख-वार-वेळ घातली, आणि आनंदानं परत आलो तर ही चिवड्याची पिशवी हातात घेऊन बसली होती. चिमूटभर चिवडा हिनं माझ्या तळहातावर ठेवला. मी तोंडात टाकला. आवाजच आला नाही. चिवडा पार सादळला होता. शेंगदाणेसुद्धा ओशाळल्यासारखे झाले होते.

त्या दिवशी फॉक्स गावापर्यंत ही माझ्याशी फक्त पुलांबद्दल बोलली. ह्या रस्त्यावर एकपदरी पूल बरेच. पुलाच्या तोंडाशी पाटी असते. तुमचा बाण लहान आणि तांबडा असला तर थांबायचं, मोठा पांढरा असला तर जायचं. समोरच्यानं वाट दिली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, झाले आभार. आमच्याकडं समोरून एसटी आली की बाण कुणाचाही असो, मोठा तीच. ही प्रत्येक पुलाला "लहान" किंवा "मोठा" एवढंच सांगत होती, आणि "लहान" जरा जास्तच ठसक्यात.

मॅथेसन तळं जगभरच्या कॅलेंडरांवर असतं. शांत काळं पाणी, त्यात आओराकी आणि टास्मान ह्या दोन शिखरांचं उलटं प्रतिबिंब. तळ्याभोवती दीडेक तासाची पायवाट आहे. ती आम्ही पुरी केली, कारण आलोय तर. शिखरं नव्हती, प्रतिबिंबाचा प्रश्नच नव्हता. एका पाटीवर त्या दृश्याचा रंगीत फोटो होता, त्याच्यापुढं उभं राहून आम्ही फोटो काढला. लेकीनं तो बघून लगेच 'वाव' लिहिलं.

हिमनद्यांबद्दल लिहायला फारसं नाही. फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ, दोन्ही ढगात होत्या, आणि हवा तापत चालल्यानं दोन्ही मागं सरकताहेत, हे पाटीवरून कळलं. त्यांच्या खालच्या नद्या मात्र दिसत होत्या, दुधात राख कालवल्यासारख्या, आणि पात्रातले दगड गडगडत वाहून नेत होत्या. वाइहो नदीवरचा पूल ओलांडताना मी गाडी हळू केली. २०१९ च्या मार्चमध्ये हा अख्खा पूल नदीनं उचलून नेला होता. त्या वेळी डोंगरात क्रॉप नदीच्या केंद्रावर अठ्ठेचाळीस तासांत हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आमच्या दहिवडीचा दोन वर्षांचा पाऊस, दोन दिवसांत. आणि लोखंडी सांगाड्याचा हा पूल तीन आठवड्यांच्या आत परत उभा राहिला, हे मला पावसाहून मोठं आश्चर्य. मी पूल ओलांडून थांबलो आणि तो पुन्हा बघायला चालत मागं गेलो. हिनं गाडीतच डोळे मिटून घेतले. खात्यातल्या माणसाशी लग्न केलेल्या बायकांना ह्याची सवय असते.

दुसरी रात्र मापौरिका तळ्याजवळ. त्या रात्री जे काही पडलं त्याला पाऊस म्हणावं की नाही, ह्याबद्दल आमचं आजही एकमत नाही. छतावरचा आवाज इतका होता, की आम्ही शेजारी झोपून एकमेकांशी खुणेनं बोलत होतो. दोन वाजता मी बॅटरी घेऊन उठू लागलो, डबा भरला का बघायला. हिनं बाही धरली. "भरू दे. गेटं उघडायची आहेत का तुम्हाला?"

सकाळी डबा काठोकाठ भरून वाहत होता. वरून पडणारा प्रत्येक थेंब आत जात होता आणि तेवढंच पाणी कडेवरून बाहेर. माझा जीव हळहळला. दीडशे मिलिमीटरच्या वर, हे नक्की. पण किती वर? दहा? शंभर? नोंद हुकली. असा पाऊस आयुष्यात एकदा हाताशी आला आणि माझं भांडं तोकडं पडलं. मी पट्टी धरून पावसातच उकिडवा बसलो होतो.

तेवढ्यात ही खाली उतरली. डोक्यावर मोठी कचऱ्याची पिशवी उलटी करून, इरल्यासारखी. हातात हळदीची डबी. डब्यापाशी वाकली, चिमूटभर हळद पाण्यात सोडली, वर गवताचं एक पांढरं फूल टाकलं, आणि मागं वळून म्हणाली, "धरण शंभर टक्के भरला. जलपूजनाक मंत्री खंय?"

मी नोकरीत आमचं आंधळीचं धरण भरण्याची वाट पाहत कितीतरी मृग काढलेत. भरलं की आख्खी गावं बघायला येत, साडी-चोळी, नारळ, पुढाऱ्यांची रांग. मी उभा राहिलो, रेनकोटाची टोपी काढली आणि भाषण केलं. दोनच वाक्यांचं, कारण तोंडात पाणी जात होतं. पलीकडच्या गाडीतून एक गोरे आजोबा चहाचा मग हातात धरून बघत होते. त्यांनी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं.

ही पुन्हा बोलू लागली, हे त्या धरणाचं लाभक्षेत्र.

होकिटिकाला पोचेपर्यंत गाडीत कोरडं असं काही उरलं नव्हतं. पासपोर्ट पण मऊ पडले होते. तिथं सरकारी तळाऐवजी पैसे देऊन राहायचं ठरवलं, कारण तिथं स्वयंपाकघर होतं आणि कपडे सुकवायचं यंत्र होतं. ते यंत्र नाणी खातं. हिनं नाणी घातली, गोल काचेतून आमचे लोकरी कपडे एकमेकांना मिठ्या मारत फिरू लागले, आणि ही समोर खुर्ची ओढून बसली. सुटका झाली म्हणून मी जाऊ लागलो तर म्हणाली, "थांबा, ऊब येते." हिच्या माहेरी बाळाची दुपटी सुकवायला शेगडीवर टोपली उपडी घालत आणि वर दुपटी पसरत. खोलीभर धुराचा आणि ओल्या सुताचा वास. "ह्या यंत्राला वास नाही," हिनं तक्रार केली, आणि आणखी दोन डॉलर घातले.

गावात व्हाइटबेटची पॅटी खाल्ली. ही ह्या किनाऱ्याची खासियत: नदीत शिरणारी बोटभर लांब, पारदर्शक पिल्लं पकडतात, अंड्यात कालवून तव्यावर टाकतात, ब्रेडमध्ये घालून लिंबू पिळतात. मोसम ऑक्टोबरअखेर संपलेला, हे फ्रीजमधले होते. किंमत ऐकून मी बाकावर बसलो. हिनं पॅटी उलगडली, निरखली.

"ह्येच्यात मासो खंय आसा? ह्ये तर फक्त डोळे."

खाल्ली मात्र पुरी, आणि माझ्यातलीही अर्धी.

संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात हिनं कुळथाची पिठी आणि भात केला. तिथं एक जर्मन पोरगा सायकलवरून आलेला. दाढीतून, बाहीतून, बुटातून पाणी. टेबलाशी बसून तो कोरडा पास्ता पाकिटातूनच खात होता, बहुतेक भांडं काढायचंही त्राण नव्हतं. हिनं काही न विचारता ताट पुढं केलं. तीन वेळा वाढून घेतल्यावर त्यानं तोंड उघडलं. तो दक्षिणेला निघाला होता, जिकडून आम्ही आलो तिकडं. त्यानं हिला, का कोण जाणे, हिलाच विचारलं, की पाऊस कधी थांबेल असं वाटतं?

ही खिडकीबाहेर बघून म्हणाली, "आफ्टर गणपती."

पोरानं मोबाइल काढून तो शब्द शोधायला घेतला.

होकिटिकाच्या मागच्या डोंगरातच ती क्रॉप नदी आहे, जिथं वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजतात. हा आकडा मी हिच्यापासून तीन दिवस लपवून ठेवला होता. त्या रात्री सांगितला. ही बराच वेळ गप्प.

"तिथं माणसं राहतात?"

"नाही. यंत्र आहे."

"मग ते धरायचं नाही. पाऊस सोसायला माणूस लागतो," असं म्हणून आंबोलीचा पहिला नंबर हिनं परत आणला आणि कुशीवर वळली.

शेवटच्या दिवशी आर्थर्स पासचा घाट. ओटिरा दरीत रस्त्यावर धबधबा कोसळतो, म्हणून तिथल्या इंजिनिअरांनी रस्त्यावर काँक्रीटची पन्हळ बांधून तो डोक्यावरून पलीकडं फेकलाय. पुढं १९९९ मध्ये बांधलेला ४४० मीटरचा उंच पूल. मी अर्थातच थांबलो. वरच्या थांब्यावर केआ होते. हा डोंगरी पोपट हिरवट, जाडजूड, पंखाखाली शेंदरी, आणि डोळ्यांत सरकारी तपासनीसाचा भाव. मेंढ्यांना टोचतो म्हणून एके काळी सरकार ह्याला मारायचं बक्षीस देत असे. १९८६ पासून पूर्ण संरक्षण आहे, आणि ते त्याला माहीत असल्यासारखं वागतो. एकानं आमच्या दाराच्या रबराची चव घेतली. दुसरा बॉनेटवर उतरला, जिथं मी पुलाच्या खांबांचं कच्चं रेखाटन करायला वही आणि पट्टी ठेवली होती. माझी स्टीलची पट्टी. त्यानं ती चोचीत आडवी धरली, माझ्याकडं एकदा पाहिलं, कठड्यावर जाऊन बसला आणि दरीत सोडून दिली. खाली पडल्याचा आवाजही आला नाही. छत्तीस वर्षांची नोकरी.

"रडताय की पाऊस आहे?" हिनं विचारलं.

"पाऊस आहे."

पण तो थांबला होता. खिंड ओलांडून दहा-पंधरा मैल गेलो नाही तोच मागं ढगांची भिंत राहिली आणि पुढं आभाळ निळं. अंगावर गरम, कोरडा वारा. ह्याला तिथं नॉर-वेस्टर म्हणतात. पश्चिमेला सगळं सांडून हात हलवत येतो तो हाच. डोंगर उघडे, पिवळे, कॅसल हिलचे चुनखडीचे धोंडे हत्तींसारखे बसलेले. होकिटिकाला वर्षाला २,९०० मिलिमीटर, क्राइस्टचर्चला सहाशेच्या आसपास. मी गाडीची काच खाली केली आणि छातीभर धूळ घेतली.

"आलं तुमचं माहेर," ही म्हणाली.

पोर्टर्स पासखाली एका तळावर गाडी लावली. अर्ध्या तासात हिनं त्या जागेचं आमचं अंगण करून टाकलं. कुंपणावर ब्लँकेटं, दारावर स्वेटर, आरशावर मोजे, आणि तापलेल्या बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, चिवडा. चिमण्या आल्या. इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वी आणून सोडलेल्या, पण वागणूक थेट दहिवडीच्या ओट्यावरची. मला राखणीला बसवलं. संध्याकाळी हिनं चिमूटभर चिवडा माझ्या तळहातावर ठेवला. कुरकुर असा आवाज आला. शेंगदाण्यांनीसुद्धा मान वर केली होती. रिकामा डबा मात्र मी चिवड्याला परत दिला नाही. शेवटची रात्र होती. गवतात नेऊन ठेवला.

रात्री जाग आली तर ही उठून बसलेली.

"काय झालं?"

"झोप येत नाही. वर काही वाजत नाहीये."

मी हात वर करून छतावर बोटांनी टकटक करत राहिलो, साधारण मापौरिकाच्या वेगानं. हात दुखायला लागला तेव्हा थोडी झड कमी केली. तेवढ्यात ही घोरू लागली.

सकाळी उठलो तर साडेआठ वाजून गेले होते आणि ही गवतात डब्यापाशी वाकलेली. मी हाक मारली, "अगं, पट्टी नाही, मोजणार कशानं?"

"शून्याला पट्टी कशाला लागते?"

आत येऊन हिनं माझी वही घेतली, माझाच चष्मा लावला, आणि तारीख, वार, वेळ सगळं रीतसर घालून नोंद केली. मी नंतर वाचली. पाऊस: नाही. चिलट: एक, तळाला चिकटलेलं, मेलेलं, मादी.